अर्धं सूत

सूतभर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं. ते आता विजेच्या बिलावर तेवढं उरलं आहे. पण माणसाच्या तोंडी वर्षानुवर्षं एकच पालुपद असलं, की लोक त्याला तेच चिकटवून मोकळे होतात. "सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही," असं म्हणत तो आपली वस्तू गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, आणि ठेवताना मान अशी ताठ करायचा, की गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच येऊन त्याच्याकडे शिकवणी लावावी.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचे वडील सुतार होते, आणि सुताराच्या घरात मूल अक्षरांच्या आधी सूत शिकतं. पुढे तो कारखान्यात लेथवर लागला, केसाच्या जाडीपर्यंत मापायला शिकला, खिशात पेनाऐवजी व्हर्नियर बाळगू लागला. पण तोंडात सूत राहिलं ते राहिलंच. चूक त्याला खपायची नाही. दुसऱ्याची तर नाहीच. स्वतःची खपण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती होत नाही असं त्याचं ठाम मत होतं. मत अगदीच हवेतलं होतं असंही नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याचं माप बरोबरच यायचं.

तो जे काही बनवायचा ते एकाच गाडीसाठी. दोन माणसांची, लांब नाकाची एक जुनी स्पोर्ट्स कार; इतकी बुटकी, की बसायचं म्हणजे आधी पाय आत घालायचे आणि मग उरलेला माणूस. बनवणारी कंपनी नऊ वर्षांत गाशा गुंडाळून गेली. गाड्या मात्र राहिल्या, आणि त्यांच्या पायी वेडी झालेली माणसं राहिली. तरुणपणी हिला भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलेलं, आणि चाळिशीत कुणाच्या तरी मागच्या अंगणात गंजत पडलेली उचलून आणलेली, अशी सगळी मंडळी. शाळामास्तर, दातांचा डॉक्टर, पोस्टातला कारकून. गडगंज एकही नाही. कंपनीच्या पॅकिंगमधला सुटा भाग कुठे मिळालाच, तर किंमत ऐकून माणसाने पाणी मागावं. म्हणून ही मंडळी सूतभरकडे यायची. दाराची मूठ, दिव्याची कड, गिअरच्या दांड्यावरचं बोंड, काचेभोवतीचं रबर. तो सगळं करून द्यायचा, आणि मूळच्यापेक्षा काकणभर सरस करून द्यायचा. पण त्याचं नाव झालं ते पिवळ्या बुशमुळे.

चाक धरणारा लोखंडी दांडा गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात, तिथे मधे रबराची एक जाड कॉलरवाली नळी बसते. तोच बुश. मुठीत मावतो. कंपनीचे बुश साध्या रबराचे, चार-पाच वर्षांत कुजायचे, आणि मग गाडी वळणावर लडबडायची. सूतभरने ते पिवळ्या, कडक, न कुजणाऱ्या मसाल्याचे केले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका भिंतीला लेथ होता, दुसरीला बंद पडलेल्या बेकरीतून आणलेली भट्टी. दोन डब्यांतली द्रव्यं मोजून ढवळायची, बुडबुडे विरेपर्यंत दम धरायचा, साच्यात ओतायचं, सहा तास भट्टीत ठेवायचं. निघालेल्या बुशच्या कडेला पातळ झालर राहते, ती त्याची बायको ब्लेडने कापायची. ती कापता कापता बोलायची आणि तो ऐकता ऐकता 'हं' म्हणायचा. असा त्यांचा संसार झाला.

गिऱ्हाइकं बुश घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच बसवायची. त्यांच्यासाठी प्रत्येक पाकिटात सूतभरच्या हस्ताक्षराची एक चिठ्ठी असायची. "१. गाडी जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला मी माल विकत नाही. २. जुना बुश निघत नसेल तर शिव्या द्या, हातोडी मारू नका. ३. नवा बुश साबणाच्या पाण्यात बुडवून दाबा, आपोआप सरकेल. ४. डाव्या बुशच्या मागे सोबतचा वॉशर टाका."

हे चौथं कलम पहिल्यापासून नव्हतं. ते दहा-बारा वर्षांनी आलं. कुणा गिऱ्हाइकाने सांगितलं, की ही गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, पण डाव्या बाजूला एक वॉशर घातला की सरळ जाते. मग दुसऱ्यानेही तेच सांगितलं. घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी याचं एक पुस्तक या मंडळींत हातोहात फिरायचं, त्याच्या नव्या आवृत्तीत छापूनही आलं: "ही या गाडीची जन्मखोड आहे." सूतभरने वॉशर घेतला, व्हर्नियरमध्ये धरला, जाडी वहीत लिहिली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पाकिटात एक वॉशर फुकट टाकायला सुरुवात केली. कंपनीने सांगाडाच तिरका केला होता तर, असं म्हणून तो मनातून थोडा खूशही झाला.

आता त्याच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यापाशी जाऊन थांबतं.

धाकटा सात वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आणि दादा हाच त्याचा बाप झाला. दोघांचं सूत असं जुळलेलं, की एकाने पाना मागायला हात पुढे करावा आणि दुसऱ्याने न बघता बरोबर त्याच नंबरचा पाना त्यात ठेवावा. दोघांनी मिळून त्या गाडीचं एक खटारं घेतलं आणि उभं केलं. दादाने गाडी जुळवायची, धाकट्याने चालवायची. गावाबाहेर घाटाचा एक रस्ता होता; तो वर्षातून एक दिवस बंद ठेवून चढाची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, वर कोण कमी वेळात पोचतो ते बघायचं. कंपनीच्या जुन्या रबरावर धाकटा पहिल्या वर्षी तिसरा आला, दुसऱ्या वर्षी दुसरा. त्याच्या हाताला डोळे होते असं बघणारे म्हणायचे. एका मोठ्या रेसिंग संघाच्या माणसाने त्याचा पत्ता लिहून घेतला होता. धाकट्याला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

तिसऱ्या वर्षी दादाने आपले पहिलेवहिले पिवळे बुश त्या गाडीत घातले.

सरावाच्या दिवशी धाकटा घाट उतरून खाली आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "दादा, गाडी डावीकडे ओढतेय."

"कधी?"

"ब्रेक दाबला की. वळणाच्या तोंडाशी. थोडीशीच, पण ओढतेय. आधी नव्हती ओढत."

सूतभर गाडीखाली गेला. हातात व्हर्नियर, छातीवर वही. डावं माप, उजवं माप, दांडा, बोल्ट, चाक, एकेक करत तासभर तो खाली होता. भोवती वीस-पंचवीस माणसं चहाचे कप घेऊन जमली. त्यातली निम्मी मंडळी तेच पिवळे बुश घ्यावेत की न घ्यावेत या विचारात होती, आणि हे सूतभरला गाडीखालूनसुद्धा दिसत होतं. वहीतला प्रत्येक आकडा जुळला. तो बाहेर आला, हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाडी सुतात आहे. ओढतोय तो तुझा हात."

लोक हसले. कुणीतरी "काय रे डावऱ्या!" म्हणालं, आणि ते नाव तिथल्या तिथे धाकट्याला चिकटलं. धाकटाही हसला. राग त्याला आला नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. दादाने मापलं म्हणजे विषय संपला, असं तो लहानपणापासून मानत आला होता. दादाची वही खोटी असू शकते हे त्याच्या डोक्यातच शिरलं नाही. मग खोटं काय उरलं? त्याचा स्वतःचा हात.

त्या शर्यतीत तो अकरावा आला. मग वर्षभर त्याने हाताला वळण लावलं. ब्रेक दाबताना स्टिअरिंग कणभर उजवीकडे धरायचं. रोज पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, शेकडो वेळा. हात शिकला. पुढच्या वर्षी मोठ्या संघाने चाचणीला बोलावलं आणि त्यांची स्वतःची, नवी, धड गाडी हातात दिली. पहिल्याच मोठ्या वळणाच्या तोंडाशी धाकट्याने ब्रेक दाबला, शिकलेल्या हाताने आपलं काम केलं, आणि गाडी उजवीकडच्या टायरांच्या भिंतीत घुसली. गळपट्टीचं हाड मोडलं. संघाच्या माणसाने कागदावर रेघ मारली आणि पुढच्याला बोलावलं.

धाकट्याने डोळे तपासून घेतले, हाताच्या शिरा तपासून घेतल्या. एका डॉक्टरने लिहून दिलं, "थोडा दोष असू शकेल." तो कागद त्याने जपून ठेवला. शर्यत सोडली, गाडी विकली, आणि एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी पोचवायच्या व्हॅनवर लागला. लग्नाचं एकदा ठरत आलं होतं, तेही त्याने मोडलं. आधी काहीतरी होऊन दाखवू म्हणत होता, आणि ते झालं नाही. व्हॅनवर त्याला बावीस वर्षं झाली. दर रविवारी दुपारी तो दादाकडे जेवायला यायचा, आणि जेवण झालं की वहिनीच्या शेजारी बसून ब्लेडने पिवळ्या बुशच्या झालरी कापायचा.

"भाऊजी, बोट सांभाळा," ती म्हणायची.

"वहिनी, माझ्या हाताचा भरवसा धरू नका," तो म्हणायचा, आणि तिघं हसायची. इतक्या वर्षांत त्या विनोदाची धार पार गेली होती.

यंदा दातांचा डॉक्टर वारला. त्याच्या बायकोने गॅरेज रिकामं केलं आणि एक खोकं सूतभरकडे पाठवून दिलं; वर लिहिलं होतं, "तुम्हाला उपयोग होईल." आत जुन्या स्पार्क प्लगांच्या आणि वायरींच्या गुंत्याखाली कंपनीचं एक पाकीट होतं. सीलबंद. डावा बुश. सूतभरने आयुष्यात नवा, कोरा, कंपनीचा डावा बुश कधी पाहिलाच नव्हता. उजवे पुष्कळ पाहिले होते. डावे कंपनी असतानाच संपले होते. या गाडीत एका बाजूने धुराचा पाइप जायचा, त्यामुळे डाव्याचं माप उजव्याहून वेगळं असायचं आणि एकावरून दुसरा करता यायचा नाही. डाव्याचा साचा त्याने चोवीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या गाडीतला बुश काढताना फाटला म्हणून, भंगारातल्या एका गाडीच्या बुशवरून केला होता.

त्याने पाकीट फोडलं ते मजेने. कंपनीचा माल आपल्यापुढे कसा फिका पडतो ते बायकोला दाखवावं, एवढाच हेतू. व्हर्नियर लावला. मग व्हर्नियरचे दात फडक्याने पुसून पुन्हा लावला. मग आपला पिवळा बुश मापला. मग खण उघडून, तेलकट कापडात गुंडाळून ठेवलेला तो भंगारातला नमुना काढला आणि तो मापला. पिवळा आणि नमुना तंतोतंत जुळत होते. कंपनीच्या बुशची कॉलर दोघांपेक्षा जाड होती, अर्ध्या सुताने. सुकून रबर फुगलं असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण सुकलं की रबर आक्रसतं हे त्याला ठाऊक होतं, आणि तसाही पाकिटावर आकडा छापलेला होता.

तेव्हा त्याला ती भंगारातली गाडी आठवली. ती एका खड्ड्याच्या कडेला डाव्या अंगावर कललेली उभी होती. किती वर्षं, देव जाणे. गाडीचा सगळा भार त्या एका कॉलरवर. रबर दबून दबून अर्धं सूत पातळ झालं होतं, आणि दबलेल्या जागी इतकं गुळगुळीत दिसत होतं, की त्याला ते नव्यासारखं वाटलं. त्याने त्या दबलेल्या वस्तूचं माप घेतलं, आणि घेतलं ते अगदी अचूक. वहीतला चुकलेला आकडा त्याने चोवीस वर्षं जपला, आणि धाकट्याची गाडी त्याच आकड्याशी ताडून पाहिली. न जुळून जाणार कुठे?

"काय झालं? चेहरा का असा?" बायकोने विचारलं. तिच्या हातात ब्लेड होतं.

"डावा बुश. अर्धं सूत कमी आहे. पहिल्यापासून."

तिला मापातलं काही कळत नव्हतं. पण दहा-बारा वर्षं ती डाव्या बुशसोबत वॉशर भरत होती, आणि तो वॉशर कशासाठी ते तिला पाठ होतं. ब्लेड टेबलावर ठेवून ती म्हणाली, "म्हणजे भाऊजी खरं सांगत होते."

त्याने कंपनीचा बुश पुन्हा व्हर्नियरमध्ये धरला.

"अहो, मी काय म्हणतेय? गाडीच ओढत होती."

"हो."

"मग आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जा. बाकी सगळं नंतर."

तो हो म्हणाला, पायात चपला घातल्या, आणि गेला गाडीवाल्यांच्या क्लबच्या सेक्रेटरीकडे. माणसाला जिथे जायची छाती होत नाही, तिथे न जाण्यासाठी तो कुठेही जातो. सूतभरने स्वतःची अशी समजूत घातली, की आधी चूक जाहीर करू, मान खाली घालू, मग भावाकडे जाताना ओझं थोडं हलकं असेल.

सेक्रेटरी दारात गाडी धूत होता. त्याने पाण्याचा पाइप न सोडताच सगळं ऐकून घेतलं. "मिस्त्री, अर्ध्या सुतावरून स्वर्ग कशाला गाठताय? वॉशर आहे की."

"वॉशर माझ्या चुकीवर आहे. मी साचा नवा करतो. सगळ्यांना कळवतो."

"असला वेडेपणा करू नका!" आता मात्र सेक्रेटरीने पाइप खाली टाकला. "तीनशे-चारशे गाड्यांत तुमचा बुश आहे आणि वॉशर आहे. पुस्तकात छापलंय. तुमची नक्कल करणाऱ्या दोघांनीही तुमचंच माप उचललंय. आता तुम्ही खरं माप दिलंत, की लोक सवयीने वॉशर टाकणार आणि गाड्या उजवीकडे ओढणार. मग शिव्या कुणाला? ज्याला-त्याला आता हेच माप सरळ आहे. तुमचंच बरोबर, मिस्त्री. कंपनीचं चुकीचं."

सूतभरला वाटलं होतं, लोक तोंडात शेण घालतील. शिव्या खायची त्याने मनाची तयारी केली होती. कुणाचं काहीच बिघडलेलं नाही, हे ऐकायची केली नव्हती. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सेक्रेटरींना विचारायला गेलात? त्यांचं काय गेलं होतं?"

तरी त्याने आणखी नऊ दिवस काढले. मधे एक रविवार आला. धाकटा आला, जेवला, आणि झालरी कापायला बसला. समोर डाव्या बुशचा ढीग. सूतभर लेथकडे तोंड करून उभा राहिला, आणि लेथ बंद होता.  बायकोने दोनदा त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा ती उठून आत निघून गेली.

दहाव्या दिवशी दुपारी तो लाँड्रीवर गेला. मागच्या अंगणात व्हॅनचं दार उघडं होतं, भिंतीतल्या नळीतून वाफ फुसफुसत होती, आणि धाकटा चादरींच्या थप्प्या आत रचत होता. दादाला तिथे बघून तो घाबरला. "वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुला एक दाखवायचंय."

त्याने दोन्ही बुश व्हॅनच्या फळीवर शेजारी शेजारी उभे केले. काळा आणि पिवळा. "हा कंपनीचा. हा माझा."

धाकटा डोळ्यांनी बघत बसला नाही. अंगठा एकाच्या कॉलरवरून दुसऱ्याच्या कॉलरवर नेला. मधे नख अडकलं. त्याने पुन्हा तसाच नेला, पुन्हा अडकलं. त्या हाताला किती कळायचं ते सूतभर विसरला होता; आता ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

"डावा आहे हा," धाकटा म्हणाला.

"डावा. माझा अर्धं सूत कमी आहे. नमुनाच दबलेला होता. गाडी ओढत होती, तू म्हणत होतास तशीच. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता." बसमध्ये त्याने हे सगळं घोकलं होतं, म्हणून ते एका दमात बाहेर पडलं. "माझं चुकलं."

धाकटा फळीच्या कडेवर बसला.  आतून कुणीतरी त्याला हाक मारली, तिलाही त्याने ओ दिली नाही.

"कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

"म्हणजे रविवारी तुला माहीत होतं."

सूतभरने होकारार्थी मान हलवली. मग न राहवून बोलू लागला. "मी बरोबर मापाचा एक जोड करतो. सेक्रेटरीची गाडी मागून आणतो. एकदा घाटात जाऊन ये. एकदाच. तुझं तुला कळेल."

"दादा, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"तरी..."

"काय कळेल? की मला येत होतं? ते कळून मी काय करू?" आवाज चढला नव्हता, तो खरंच विचारत होता. "बावीस वर्षं मला ठाऊक होतं, की माझ्या हातात खोट आहे. वाईट वाटायचं. पण आपल्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून जमलं नाही, असं म्हणून झोप लागायची. डॉक्टरचा कागद होता. आता काय म्हणू मी? सगळं ठीक होतं, हातही ठीक होता, तरी काही झालं नाही? हे घेऊन कुणी कसं झोपायचं रे?"

 सूतभरला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला.

"एक सांग," धाकटा म्हणाला. "त्या दिवशी तू तासभर गाडीखाली होतास. एकदा आत बसून घाटात जाऊन का नाही आलास? एक फेरी. दहा मिनिटं लागली असती."

"माप बरोबर लागत होतं."

"मी सांगत होतो ना तुला."

एवढंच म्हणाला. बुश उचलून त्याने दादाच्या हातात परत दिले, उरलेल्या चादरी आत रचल्या, दार लावलं. गाडी सुरू करण्याआधी खिडकीतून म्हणाला, "साचा बदलू नकोस. उगाच लोकांच्या गाड्या बिघडतील." आणि गेला.

सूतभरने साचा बदलला नाही. मागण्या डाव्या-उजव्या दोन्हीच्या येत होत्या, आणि पाकिटातल्या चिठ्ठीत चौथं कलम तसंच होतं. ओतायला तो सकाळी उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवताना आता काही म्हणायचा नाही. धाकटा त्या रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. वहिनीने फोन केला तर म्हणाला, "कामं वाढलीत, वहिनी," आणि तिने जेवलात का विचारायच्या आत फोन ठेवून दिला. ती नवऱ्याला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

महिन्याभराने लाँड्रीच्या मालकाचा फोन आला. मालक भला माणूस होता, आवाजात काळजी होती.

"तुम्ही थोरले भाऊ ना? जरा विचारायचं होतं. यांनी व्हॅनच्या किल्ल्या परत दिल्या हो. आत इस्त्रीवर लावा म्हणतात. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, आणि आता म्हणतात चालवायची नाही. मी किती विचारलं, तर 'स्टिअरिंग धरलं की रात्री झोप लागत नाही' एवढंच म्हणतात. हाताला काही झालंय का त्यांच्या?"

"नाही," सूतभर म्हणाला. "हात चांगला आहे त्याचा. पहिल्यापासून चांगला होता."

"मग?" मालकाने विचारलं, आणि थांबला.

सूतभर फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. मालक दोनदा "हॅलो" म्हणाला, आणि मग त्याने फोन ठेवला.